मगध ते बिहार : एका प्रदेशनामाची वाटचाल

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य उपासक-उपासिका बुद्धगया, राजगीर, नालंदा आणि वैशाली येथे धम्मयात्रेसाठी जातात. प्रवासात मार्गदर्शक सांगतो आणि परतल्यावर आपणही वस्तीतल्या विहारात सांगतो, की ह्या प्रदेशात पूर्वी इतके विहार होते, की साऱ्या प्रांतालाच 'बिहार' हे नाव पडले. हे विधान ऐकताना मन भरून येते. परंतु ज्या धम्मात 'या आणि स्वतः पाहा' असे आवाहन आहे, त्या धम्माच्या अनुयायांनी असे विधानही तपासून घेणे उचित होय. तपासले असता ते खोटे ठरत नाही. मात्र ते अर्धेच आहे असे दिसून येते. उरलेला अर्धा भाग अधिक दुःखद आहे आणि अधिक बोधप्रदही आहे.

ज्या भूमीला आपण आज बिहार म्हणतो, तिच्या दक्षिण भागाचे प्राचीन नाव 'मगध' होते. मगध हे नाव कसे निर्माण झाले, ते कोणी कोणत्या अर्थाने वापरले, ते मागे कसे पडले आणि 'विहार' हा शब्द त्याच्या जागी कसा आला, ह्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. आधी लोकांचे नाव, मग भूमीचे

प्राचीन भारतात जनपदांची नावे बहुधा तेथे वसलेल्या लोकसमूहांवरून पडली. अंग, मगध, काशी, कोसल, वज्जी, मल्ल ही सर्व नावे प्रथम माणसांची आहेत. म्हणूनच पालि भाषेत ती अनेकवचनात येतात. 'मगधात' असे म्हणावयाचे असेल तर पालि सुत्तांत 'मगधेसु' असे रूप येते. त्याचा शब्दशः अर्थ 'मगध लोकांमध्ये' असा होतो. प्रदेश म्हणजे सीमारेषेने आखलेला जमिनीचा तुकडा, ही कल्पना नंतरची आहे. अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची यादी आहे, तीत मगधाचा समावेश आहे.

'मगध' ह्या शब्दाचा मूळ अर्थ काय? पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष ह्यांच्या नावावर असलेल्या अट्ठकथांत मगध नावाच्या क्षत्रियांवरून हे नाव पडले असे म्हटले आहे. त्यासोबत एक लोककथाही दिली आहे. चेतिय नावाचा राजा असत्य बोलल्यामुळे जमिनीत गडप होऊ लागला, तेव्हा भोवतीच्या लोकांनी 'खड्ड्यात जाऊ नकोस' अशा अर्थाचे उद्गार काढले आणि त्या उद्गारांतील 'मा' व 'गध' ह्या शब्दांपासून 'मगध' झाले, अशी ती कथा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. पण अट्ठकथाकारांनी ती एकमेव सत्य म्हणून न देता अनेक मतांपैकी एक म्हणून दिली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. असत्य बोलणाऱ्या राजाला भूमी आपल्या पोटात घेते, हा नीतीचा बोध त्या कथेत आहे. शब्दाचा इतिहास तिच्यात शोधू नये.

२. वैदिक परंपरेच्या दृष्टीतील मगध

मगध हे नाव प्रथम कोणत्या संदर्भात भेटते, हे पाहणे उद्बोधक आहे. अथर्ववेदात ज्वराला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात तापाला आपल्यापासून दूर, गंधारी, मूजवंत, अंग आणि मगध ह्या लोकांकडे जाण्यास सांगितले आहे. म्हणजेच आपल्या घरातील रोग ज्यांच्या घरी जावा असे वाटते, ते हे लोक होत. मगधाची साहित्यातील पहिली ओळख ही अशी आहे.

ऋग्वेदात 'कीकट' नावाच्या लोकांचा उल्लेख आहे. त्यांच्याकडील गाई यज्ञाच्या उपयोगी पडत नाहीत, अशी तेथे तक्रार आहे. यास्काने आपल्या निरुक्तात कीकट म्हणजे अनार्यांचा देश असा अर्थ दिला. उत्तरकालीन परंपरेने कीकट म्हणजेच मगध असे ठरवून टाकले. ऋग्वेदातील कीकट खरोखर तेथेच राहत होते काय, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु परंपरेने हे समीकरण केले, ह्यात शंका नाही. भागवत पुराणात बुद्धाचा जन्म कीकट देशात होईल असे जे सांगितले आहे, ते ह्याच समीकरणातून आले. तथागतांना अवतारांच्या मालिकेत बसविताना त्यांच्या कार्यभूमीसाठी हाच जुना, हिणकस अर्थाचा शब्द निवडण्यात आला, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

श्रौतसूत्रांत मगध देशातील ब्राह्मणाला 'ब्रह्मबंधू' म्हटले आहे. ब्रह्मबंधू म्हणजे केवळ नावाचा, जन्मापुरता ब्राह्मण. बौधायन धर्मसूत्रात अवंती, अंग, मगध, सुराष्ट्र, दक्षिणापथ, सिंधू-सौवीर इत्यादी देशांतील लोक संकीर्ण योनीचे, म्हणजे मिश्र उत्पत्तीचे आहेत, असे नमूद केले आहे. ह्या यादीत दक्षिणापथही आहे. गोदावरीच्या काठचा आणि फल्गूच्या काठचा माणूस त्या सूत्रकाराच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसत होता. पुढील काळात प्रचलित झालेल्या एका स्मृतिवचनात मगधासारख्या देशांत तीर्थयात्रेखेरीज अन्य कारणाने जाणाऱ्याने पुन्हा संस्कार करून घ्यावेत, असा दंडक सांगितला आहे. म्हणजे गयेचे पिंडदान चालेल, पण त्या देशातील माणसांचा सहवास चालणार नाही, असा त्याचा आशय होता.

ह्या प्रक्रियेचे टोक मनुस्मृतीत दिसते. तेथे 'मागध' ही एक संकरजात बनते. वैश्य पिता आणि क्षत्रिय माता ह्यांची संतती ती मागध, आणि तिचा व्यवसाय व्यापार, असे मनू सांगतो. शेजारच्या विदेहांचे 'वैदेहक' होतात. तेही संकरातून जन्मलेले. वैशालीच्या लिच्छवींना तो व्रात्य क्षत्रियांत ढकलतो. तथागतांच्या चारिकेची जी भूमी, तिच्यातील तीन प्रमुख लोकसमूहांची नावे अशा रीतीने जातींच्या उतरंडीत बसविली गेली. पुढे 'मागध' शब्दाला राजाची स्तुती गाणारा भाट असाही अर्थ मिळाला. मराठीतील 'सूत-मागध' ह्या जोडशब्दात तो अद्याप टिकून आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' ह्या ग्रंथात मनूच्या संकरजातींच्या उपपत्तीची कठोर चिकित्सा केली आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला. ज्यांना मनू संकरातून जन्मलेल्या जाती म्हणतो, त्यांपैकी अनेक नावे वस्तुतः स्वतंत्र लोकसमूहांची आहेत, हे बाबासाहेबांनी त्यात दाखवून दिले. मागधांचाही त्यांत समावेश आहे. एखाद्या देशातील साऱ्या जनतेला अनैतिक संबंधांची संतती ठरवून टाकणे ही व्युत्पत्ती नव्हे. ती निंदा होय. नावाचा अर्थ कोण लावतो ह्यावर माणसाची प्रतिष्ठा कशी अवलंबून असते, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

३. तथागतांचा मगध

हाच मगध पालि वाङ्मयात पूर्णपणे वेगळ्या स्वरूपात भेटतो. येथे तो सेनिय बिंबिसाराचा समृद्ध देश आहे. राजगृह ही त्याची राजधानी आहे. बिंबिसाराने अंग देश जिंकल्यानंतर 'अंगमगध' असा जोड उल्लेख होऊ लागला. ह्याच देशात उरुवेलेला बोधी प्राप्त झाली. येथेच वेळुवनाचे दान झाले. सारिपुत्त, मोग्गल्लान आणि महाकस्सप ह्याच भूमीतले. जीवक वैद्य राजगृहाचा. पहिली संगीती भरली तीही राजगृहातच.

पालि परंपरा मगधाचे केवळ गुणगान करते असे मात्र नाही. महावग्गात एक प्रसंग आहे. मगधातील एकामागून एक कुलपुत्र प्रव्रज्या घेऊ लागले, तेव्हा लोक कुरकुरू लागले, की हा श्रमण गोतम आम्हांला निपुत्रिक करणार, आमच्या घरच्या स्त्रियांना विधवा करणार. संघाने ही टीका लपविली नाही. ती विनयग्रंथात नोंदवून ठेवली. स्वतःविरुद्धचे बोलणे जपून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा आपल्या इतिहासलेखनातही यावयास हवा.

मगधाची एक खूण तर प्रत्येक भिक्खूच्या अंगावर आहे. दक्षिणागिरीकडे जात असता भगवंतांनी मगधाची शेते पाहिली. बांधांनी आखलेले ते चौकोनी तुकडे, त्यांच्या मधल्या आडव्याउभ्या रेषा आणि त्यांचे छेद पाहून त्यांनी आनंदांना विचारले, की भिक्खूंसाठी अशा रचनेचे चीवर तयार करता येईल काय? आनंदांनी कापडाचे तुकडे जोडून तसे चीवर शिवले. आज श्रीलंकेत, थायलंडमध्ये, म्यानमारमध्ये किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिसणाऱ्या भिक्खूच्या चीवरावर जी शिवण दिसते, ती मगधाच्या भातखाचरांची नक्कल आहे. ज्या देशाकडे तापाने जावे असे कोणी म्हटले, त्याच देशाच्या शेतांचा नकाशा संघाने अंगावर पांघरला.

सम्राट अशोकानेही हे नाव सन्मानाने घेतले. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि भाब्रू लेख म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिलालेखात त्याने संघाला अभिवादन करून धम्माच्या अभ्यासासाठी सात धम्मपर्यायांची नावे सांगितली आहेत. त्या लेखात तो स्वतःला मगधाचा राजा म्हणवितो. कलिंगापासून गांधारापर्यंत सत्ता असलेला हा राजा संघापुढे उभा राहताना आपली ओळख ह्या एका नावाने देतो.

४. भाषेचे, मापाचे आणि पानाचे नाव

समर्थ राज्याचे नाव हळूहळू त्या राज्यातून निघालेल्या वस्तूंना लागते. तसे मगधाचेही झाले. बुद्धघोषाने तिपिटकाच्या भाषेला 'मागधी' म्हटले. त्या काळी 'पालि' हा शब्द भाषेचे नाव नव्हता. अट्ठकथेहून वेगळा असा मूळ ग्रंथपाठ, असा त्याचा अर्थ होता. भाषेचे नाव म्हणून पालि रूढ झाली ती नंतर. आधुनिक भाषाभ्यासकांनी मात्र दाखविले आहे, की पालि आणि शिलालेखांतून व नाटकांतून दिसणारी मागधी ह्या सर्वस्वी एक नव्हेत. मागधीत 'र'च्या जागी 'ल' येतो, म्हणून अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत 'राजा'चे 'लाजा' होते. तसेच मागधीत कर्त्याच्या रूपाला 'ए' लागतो, तर पालिमध्ये 'ओ' लागतो. श्रद्धेने दिलेले नाव आणि व्याकरणाने सिद्ध होणारे नाव ह्यांत असे अंतर पडू शकते, आणि ते मान्य केल्याने तिपिटकाचे मोल तिळभरही कमी होत नाही.

संस्कृत नाटकांनी मात्र ह्या भाषेला वेगळे स्थान दिले. तेथे भाषाही वर्णाप्रमाणे वाटलेली आहे. राजा व ब्राह्मण संस्कृत बोलतात. स्त्रियांची गीते महाराष्ट्री प्राकृतात असतात. आणि सेवक, कोळी अशा 'खालच्या' मानलेल्या पात्रांच्या तोंडी मागधी घातली जाते. 'शाकुंतला'तील अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो. 'मृच्छकटिका'तील अंगमर्दक, जो पुढे बौद्ध भिक्षू होतो, त्याचीही भाषा मागधीच आहे. ज्या भाषेला बौद्ध परंपरेने बुद्धवचनाची भाषा म्हणून वंदन केले, तिला रंगभूमीवर दासांची भाषा केले गेले.

व्यवहारात मात्र मगधाची पत टिकून होती. आयुर्वेदात औषधे मोजण्यासाठी 'मागध मान' आणि 'कालिंग मान' अशा दोन पद्धती सांगितल्या आहेत आणि शार्ङ्गधर संहितेत मागध मान श्रेष्ठ मानले आहे. पिंपळीचे एक नाव 'मागधी' आहे. आजही दक्षिण बिहारातील लोक जी भाषा बोलतात ती 'मगही', म्हणजे मागधीच. आपल्याकडे पानाच्या ठेल्यावर 'मघई पान' मागितले जाते. तेही ह्याच मगधाचे. राज्य लयाला गेले तरी नाव असे शब्दांतून आणि जिभेवरून जगत राहिले.

५. 'विहार' शब्दाचा प्रवास

आता दुसऱ्या नावाकडे वळू. 'विहरति' ह्या क्रियापदाचा पालितील अर्थ राहणे, काळ व्यतीत करणे असा आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ह्यांना 'ब्रह्मविहार' म्हणतात, ते ह्याच अर्थाने. त्या चित्ताने राहण्याच्या अवस्था आहेत. मराठीत मात्र 'विहार करणे' म्हणजे मौजेने फिरणे. नौकाविहार, उद्यानविहार हे शब्द त्याच छटेचे आहेत. एकाच धातूपासून आलेल्या शब्दाच्या ह्या दोन वाटा आहेत.

राहण्याच्या क्रियेवरून राहण्याच्या जागेला 'विहार' म्हणू लागले. विनयपिटकातील चुल्लवग्गात ह्याची हकीकत आहे. आरंभी भिक्खू अरण्यात, झाडाखाली, गुहेत, स्मशानात राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा व्यक्त केली. भगवंतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुज्ञा दिली. त्यांत पहिला विहार. त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले. एका दिवसात साठ, ह्यावरूनच स्पष्ट होते की तेव्हाचा विहार म्हणजे मोठी इमारत नव्हे. ती एका भिक्खूची साधी कुटी होती. विशेष हे, की ही घटना मगधात, राजगृहात घडली. ज्या शब्दाने पुढे ह्या भूमीला नाव दिले, तो वास्तूच्या अर्थाने ह्याच भूमीवर प्रथम मान्य झाला, असे विनयाचा वृत्तांत सांगतो.

पुढे कुटीचा संघनिवास झाला आणि संघनिवासाचे महाविहार झाले. सातव्या शतकात ह्युएन त्संग ह्या चिनी भिक्खूने मगधात सुमारे पन्नास संघाराम आणि दहा हजार भिक्खू असल्याचे नमूद केले आहे. नालंदा, विक्रमशिला, ओदंतपुरी ही महाविद्यापीठे 'महाविहार' म्हणून ओळखली गेली. तिबेटमधील साम्ये हा पहिला विहार ओदंतपुरीच्या नमुन्यावर बांधला, अशी तिबेटी परंपरा आहे. म्हणजे राहण्याची जागा आता शिकण्याची जागा झाली होती. आपल्या महाराष्ट्रात नाशिक, जुन्नर येथील प्राचीन लेखांत भिक्खूंच्या निवासाला 'लेण' म्हटले आहे. तोच शब्द आजच्या 'लेणी'त आहे. तिकडे विहार हा शब्द टिकला, इकडे लेणे टिकले. दोन्ही शब्द संघाच्या निवासाचेच.

६. एका विध्वंसातून जन्मलेले नाव

मिन्हाज-ए-सिराज ह्या इतिहासकाराने १२६० साली पूर्ण केलेल्या 'तबकात-ए-नासिरी' ह्या फारसी ग्रंथात बख्तियार खिलजीच्या स्वारीचे वर्णन आहे. ही घटना इ. स. १२००च्या सुमाराची. स्वारीत प्रत्यक्ष सहभागी झालेल्या माणसाकडून ही हकीकत आपण ऐकली, असे मिन्हाज सांगतो. बख्तियारच्या घोडेस्वारांनी एक तटबंदी असलेले ठिकाण किल्ला समजून जिंकले. तेथील बहुतेक रहिवासी मुंडन केलेले होते. मिन्हाज त्यांना ब्राह्मण म्हणतो. परंतु मुंडनाच्या उल्लेखावरून आणि एकंदर वर्णनावरून ते भिक्खू होते, असे इतिहासकार मानतात. त्या सर्वांची कत्तल झाली. नंतर तेथे मोठा ग्रंथसंग्रह आढळला. ग्रंथांत काय आहे ते सांगण्यासाठी कोणाला तरी बोलवावे असे ठरले, तेव्हा कळून आले की ते सांगू शकणारा कोणी जिवंत उरलेला नाही. मग लक्षात आले, की हा किल्ला नसून सारी विद्येची जागा आहे, आणि ह्या लोकांच्या भाषेत विद्यालयाला 'बिहार' म्हणतात.

हे ठिकाण म्हणजे ओदंतपुरीचा महाविहार, आणि आजचे नालंदा जिल्ह्यातील बिहारशरीफ, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. पूर्वेकडील बोलींत 'व'चा 'ब' होतो. 'वन'चे 'बन', 'वर्ष'चे 'बरस', तसे 'विहार'चे 'बिहार'. फारसी लिपीत 'बिहार' आणि वसंत ऋतू अशा अर्थाचा 'बहार' हे दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात. हजारो मैल दूर, बल्ख येथील 'नवविहार' अरबी-फारसी लेखकांच्या हाती 'नवबहार' झाला. त्या विहाराचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या घराण्यातून बगदादच्या खलिफांचे सुप्रसिद्ध बर्मकी वजीर निघाले. विहार नष्ट होऊन त्याचे नाव मात्र परक्या लिपीत उरावे, असे एकट्या मगधातच घडलेले नाही.

तेव्हा आपल्या मूळ विधानात दुरुस्ती करावी लागते. 'सर्वत्र विहार होते म्हणून प्रांताला बिहार म्हटले' असे घडलेले दिसत नाही. एका विहाराचे नाव एका नगराला मिळाले, नगराचे नाव सत्तेच्या ठाण्याला मिळाले आणि ठाण्याचे नाव प्रांताला. शिवाय हे नाव लिखित इतिहासात अशा क्षणी येते, की ज्या क्षणी तो विहार संपत होता. आपल्या जिवंतपणी ती भूमी मगध होती. विहार मेल्यावर ती बिहार झाली.

परंतु एका दिवसात सारे संपले, असेही समजू नये. बौद्ध धम्माच्या ऱ्हासाला राजाश्रयाचा लोप, ब्राह्मणी धर्माचे पुनरुत्थान, समाजातील विहारांचे तुटलेले संबंध अशी अनेक कारणे होती आणि ती शतकानुशतके काम करीत होती. तिबेटी भिक्खू धर्मस्वामी १२३४ ते १२३६ ह्या काळात मगधात आला, तेव्हा ओदंतपुरीत तुर्की सेनाधिकाऱ्याचा तळ होता. नालंदेत मात्र नव्वदी ओलांडलेले आचार्य राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. सैनिक येत असल्याची वार्ता आली, तेव्हा सारे निघून गेले. धर्मस्वामीने आपल्या वृद्ध गुरूला पाठीवर घेऊन सुरक्षित स्थळी नेले. ज्या भूमीचे नाव बदलत होते, तिचे हे शेवटचे चित्रही विसरता कामा नये.

७. नगराचा सुभा, सुभ्याचे राज्य

पुढील शतकांत बिहार हे नगर सत्तेचे केंद्र राहिले. चौदाव्या शतकातील सूफी संत मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी ह्यांचे वास्तव्य आणि समाधी येथे असल्याने नगराला 'बिहारशरीफ' हे आदरार्थी नाव मिळाले. म्हणजे एका श्रमण परंपरेच्या शब्दाला सूफी परंपरेचे विशेषण जोडले गेले. सोळाव्या शतकात शेरशहाने पाटण्याला महत्त्व दिले आणि बिहार नगर मागे पडू लागले. पण तोपर्यंत त्याचे नाव प्रदेशाला चिकटले होते.

अकबराने १५८० साली साम्राज्याची बारा सुभ्यांत विभागणी केली, त्यांत बिहार हा एक सुभा होता. 'आईन-ए-अकबरी'त त्याचे सात सरकार दिले आहेत : बिहार, मुंगेर, चंपारण, हाजीपूर, सारण, तिरहुत आणि रोहतास. ह्या यादीत बिहार हे पूर्ण सुभ्याचेही नाव आहे आणि त्याच्या एका भागाचेही. नाव नगराकडून प्रांताकडे सरकत असतानाची ही अवस्था होय. गंगेच्या उत्तरेकडील वैशाली, विदेह हे प्रदेश कधीच मगधाच्या मूळ सीमेत नव्हते. राज्यकारभाराच्या सोयीमुळे ते ह्या नावाखाली आले.

इ. स. १७६५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळाली. १९१२ साली बंगालपासून बिहार व ओरिसा हा वेगळा प्रांत झाला. १९३६मध्ये ओरिसा आणि २०००मध्ये झारखंड वेगळे झाले. आज राज्यात 'मगध' ह्या नावाचा महसुली विभाग आहे. त्याचे मुख्यालय गया येथे आहे. गंमत अशी, की मगधाच्या दोन्ही प्राचीन राजधान्या, राजगृह आणि पाटलिपुत्र, ह्या विभागात येत नाहीत. त्या पाटणा विभागात आहेत. जुने नाव परत येते, पण जुन्या सीमा घेऊन येतेच असे नाही.

८. ह्या नावाचे आपल्यावरील ऋण

ह्या सर्व विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, व्युत्पत्ती सांगताना आपण सत्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. सोयीची कथा पहिल्यांदा टाळ्या मिळवून देते. पण विरोधकाने ती खोडली, की तिच्यासोबत आपले खरे म्हणणेही संशयास्पद ठरते. 'बिहार' हे नाव 'विहार'पासून आले, हे सत्य भक्कम आहे. त्याला अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नाही.

दुसरी, नाव हा पुरावा असतो, हक्क नव्हे. ज्या राज्याचे नावच विहार आहे, त्या राज्यात महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन १९४९च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार अशा समितीकडे सोपविण्यात आले, की जिचे आठ सदस्य निम्मे बौद्ध आणि निम्मे हिंदू असावेत आणि अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी असावा. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर अध्यक्षपदी हिंदू व्यक्ती नेमण्याची त्यात तरतूद होती; ती २०१३च्या दुरुस्तीने गेली. व्यवस्थापन पूर्णपणे बौद्धांच्या हाती यावे ही मागणी अद्याप उभी आहे. पाटीवर विहार लिहिले म्हणजे विहार संघाचा झाला असे होत नाही. त्यासाठी सनदशीर, संघटित प्रयत्नच करावे लागतात.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या जिभेविषयी आहे. आपल्या शहरांत इमारती बांधणाऱ्या, भाजीची गाडी ओढणाऱ्या, रात्रपाळीत राबणाऱ्या माणसाला 'बिहारी' म्हणून हिणविण्याची रीत पडली आहे. हा शब्द आपल्या वस्त्यांतही कधी कधी शिवीसारखा उच्चारला जातो. अथर्ववेदाच्या ऋषीला ताप ज्यांच्याकडे धाडावासा वाटला, मनूने ज्यांना संकरज ठरविले, नाटककारांनी ज्यांच्या भाषेला दासांची भाषा केले, त्यांचेच हे वारस आहेत. ज्यांना शतकानुशतके नावावरून हिणविले गेले आणि १९५६ साली ज्यांनी ती नावे टाकून माणूसपण स्वीकारले, त्या आपण तरी हा शब्द तुच्छतेने उच्चारू नये. 'बिहारी' म्हणजे शब्दार्थाने विहारभूमीचा माणूस.

सुत्तांच्या आरंभी भगवान कोठे राहत होते ते सांगण्याची पद्धत आहे. मगधात सांगितलेल्या सुत्तांत 'मगधेसु' हा शब्द येतो आणि राहत होते ह्या अर्थी 'विहरति' हे क्रियापद येते. ह्या भूमीचे जुने नाव आणि नवे नाव ही दोन्ही अशा रीतीने एकाच वाक्यात, तथागतांच्या निवासाच्या साक्षीने, एकत्र नांदलेली आहेत. पुढील धम्मयात्रेत गाडी बिहारच्या हद्दीत शिरेल, तेव्हा स्थानकावरील पाटी वाचताना हे वाक्य आठवावे. आणि शेजारच्या बाकावर गावाकडे परतणारा कोणी मजूर बसला असेल, तर त्याला आपल्या डब्यातील भाकरी अवश्य द्यावी.